कार्ड फाइलला आहे

अब्रू एकदा गेली की परत मिळत नाही, असं म्हणतात. गोपाळकृष्ण आगटे यांना हे वचन शाळेपासून पाठ होतं आणि ते इतरांना ऐकवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात मात्र त्यांच्या लक्षात आलं की अब्रूचं एक वेळ काहीतरी करता येतं. रेशनकार्ड गेलं तर खरोखरच काही करता येत नाही.

तसं पाहिलं तर कार्ड गेलेलं नव्हतं. ते कुठे आहे हे आगट्यांना पक्कं माहीत होतं. ते सांगलीला, डॉक्टर सहस्रबुद्ध्यांच्या दवाखान्यात, एका पत्र्याच्या डब्यात होतं. अडचण एवढीच, की हे साधं वाक्य त्यांना साताऱ्यात कुणापुढे उच्चारता येत नव्हतं. कारण 'सांगलीचे सहस्रबुद्धे' असं म्हटलं की ऐकणारा आधी तुमच्या तोंडाकडे बघायचा आणि मग हळूच दुसरीकडे. डॉक्टर सहस्रबुद्धे फक्त मूळव्याधीचे डॉक्टर होते.

मूळव्याध हा काही गुन्हा नव्हे. पण रोगारोगांतसुद्धा जातिभेद असतो. रक्तदाबाचा माणूस चारचौघांत 'माझं ब्लडप्रेशर' असं म्हणतो तेव्हा त्याला पगारवाढ झाल्यासारखं वाटतं. हृदयविकारवाल्याला तर लग्नात पुढची खुर्ची मिळते. मूळव्याधवाल्याला पुढची खुर्ची मिळाली तरी तो तिचं काय करणार? शिवाय आगटे जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात हेडक्लार्क होते, आणि हेडक्लार्क हा पदार्थच मुळी बसून तयार होतो. त्यामुळे त्यांनी घरी आणि कचेरीत 'सांगलीला ऑडिटचं काम आहे' असं जाहीर केलं, आणि पत्नी प्रमोदिनीबाईंनी बांधून दिलेला डबा घेऊन ते दर आठवड्याला एसटीत, शक्यतो उभ्याने, सांगलीला जाऊ लागले.

सहस्रबुद्ध्यांच्या दवाखान्यात शिरल्याबरोबर समोर पाटी होती : 'रेशनकार्ड फाइलला ठेवल्याशिवाय सुई टोचली जाणार नाही. कोर्स पुरा झाल्यावर कार्ड परत मिळेल.' या पाटीमागे डॉक्टरांचं आयुष्यभराचं दुःख होतं. पेशंट यायचे, थोडी इंजेक्शनं घ्यायचे, बरं वाटलं की पसार व्हायचे, आणि दुखणं उलटलं की गावभर सांगत सुटायचे, 'सहस्रबुद्ध्याच्या हाताला गुण नाही.' म्हणून डॉक्टरांनी पेशंटची एखादी वस्तू अडकवून ठेवायचं ठरवलं. आधी त्यांनी छत्र्या ठेवून पाहिल्या. पण पावसाळा संपला की छत्रीची आठवण कुणालाच राहत नाही, आणि दवाखान्यात पेशंटपेक्षा छत्र्या जास्त झाल्या. मग त्यांना रेशनकार्ड सुचलं. माणूस काहीही विसरेल, पण ज्याच्यावर घरात स्टोव्ह पेटतो आणि चहा गोड होतो, ते विसरणार नाही.

पाटी वाचून आगटे प्रसन्न झाले होते. प्रशासनात मुरलेला माणूस. "उत्तम! शिस्त ही हवीच," असं म्हणून त्यांनी कार्ड कंपाउंडरच्या हातात दिलं, आणि थोडी इंजेक्शनं झाल्यावर बरं वाटू लागताच तेही पसार झाले.

सगळं सुरळीत चाललं होतं, कारण महिन्याचं रेशन घरात आलेलं होतं आणि पुढच्याला अवकाश होता. तेवढ्यात शरयूचं लग्न ठरलं.

शरयू आगट्यांची एकुलती एक मुलगी. स्थळ सांगलीचं होतं. मुलाचे वडील शरच्चंद्रराव माईणकर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, ताठ मानेचे आणि मोजक्या शब्दांचे. घर पाहायला आले तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारलं होतं : "आम्हाला काही नको. फक्त माणसं सरळ असावीत." ते वाक्य आगट्यांनी कचेरीत बऱ्याच जणांना सांगितलं होतं. नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी साखरपुडा साताऱ्यात करायचं ठरलं, आणि ते ठरलं त्याच दिवशी दुपारी प्रमोदिनीबाईंनी हात पुढे केला.

"अहो, कार्ड द्या."

"कोणतं कार्ड?"

"ग्रंथालयाचं! म्हणजे माईणकरांच्या पानात श्रीखंडाऐवजी पुस्तकं वाढते. अहो, रेशनकार्ड. साखर आणायला हवी."

"आहे. फाइलला आहे," आगटे म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं, आणि खरं बोलल्याचं समाधान त्यांना निदान क्षणभर मिळालं.

"ऑफिसात नेलंत? कशाला?"

"व्हेरिफिकेशन," आगटे म्हणाले. समाधान संपलं.

इथे कुणी विचारील, की खुल्या बाजारात साखर मिळत नव्हती का? मिळत होती. पण तिचा भाव ऐकला की ती गोड लागायची बंद व्हायची. आणि 'खुल्या बाजारातून साखर घेणारा मनुष्य काळ्या बाजाराचा पाहुणा आहे' हे आगट्यांचं वाक्य आळीत इतकं गाजलेलं होतं, की साखरेची पिशवी घेऊन त्या आळीतून येणं त्यांना शक्य नव्हतं. माणसाने सुविचार जपून बोलावेत ते याचसाठी.

संध्याकाळी लालासाहेब आले. लालासाहेब म्हणजे भिंतीपलीकडचे शेजारी. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, रहिमतपूरला ऊस आणि साताऱ्यात मुक्काम. भिंत सामाईक असल्यामुळे आगट्यांच्या घरातली कोणतीही बातमी त्यांना निराळी सांगावी लागत नसे.

"आवं आगटेसाहेब, कार्ड हरवलं म्हणं?"

"हरवलेलं नाही."

"मंग कुठं हाय?"

आगट्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं.

"म्हंजी हरवलं," लालासाहेब खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "फौजेत येक नियम हाय बगा. वस्तू हाताला लागत न्हाई, आन् कुठं हाय त्ये सांगता बी येत न्हाई, तर ती लॉस्ट! रिपोर्ट द्यायचा, नवी घ्यायची. म्या कांबळी कशी घेतली? आशीच घेतली. लय सोपं काम हाय."

"त्यापेक्षा लालासाहेब, तुमची कारखान्याची सभासदाची साखर असेल ना?"

"व्हती की! नातीच्या बारशाला ग्येली. आता निस्ता ऊस हाय. ऊस नेता का? पावण्यांच्या हातात येकेक कांडं द्या. दात बी बळकट हुत्यात."

आगट्यांनी लालासाहेबांचा ऊस नाकारला आणि सल्ला घेतला. उलट करायला हवं होतं.

पुरवठा कचेरीत त्यांनी दिलेला अर्ज हा मराठी अर्जवाङ्मयातला एक उत्तम नमुना होता. 'वरील विषयास अनुसरून' पासून 'योग्य ती तजवीज व्हावी' पर्यंत त्यात एकही शब्द कमी नव्हता आणि एकही खरा नव्हता. टेबलामागच्या तरुण कारकुनाने तो वाचला आणि पेन उचललं.

"हरवलं कुठे?"

"सातारा-सांगली एसटीत."

"सांगलीला कशाला गेला होता?"

"खासगी. पाहुण्यांकडे."

"पाहुण्यांकडे जाताना रेशनकार्ड घेऊन जाता?" कारकुनाने निरागसपणे विचारलं. "जेवायला घालत नाहीत का ते?"

मागची रांग हसली. आगट्यांनी आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसून असेच प्रश्न विचारले होते. या बाजूने ते कसे ऐकू येतात याची त्यांना कल्पना नव्हती. चौकशीला माणूस येईल, असं सांगून कारकुनाने पुढच्याला बोलावलं.

चौकशीला माणूस आला, आणि तो नेमका आगटे आंघोळीला गेलेले असताना आला. आगटे पंचाने डोकं पुसत बाहेर येईपर्यंत काम उरकत आलं होतं.

"हरवलं?" प्रमोदिनीबाई त्याला विचारत होत्या. "हरवलं कुठे? ऑफिसात व्हेरिफिकेशनला आहे."

"पण साहेबांनी एसटीत हरवलं म्हणून लिहून दिलंय, वहिनी."

दोघांनी आगट्यांकडे पाहिलं. आगट्यांनी पंचा डोक्यावरून तोंडावर आणला आणि तिथेच ठेवला. त्या माणसाने बसल्याजागी अहवाल लिहिला : 'हरवण्याबाबत कुटुंबात एकमत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल.' 'सबब' आणि 'दप्तरी दाखल' हे दोन्ही शब्द आगट्यांचे अत्यंत लाडके. कितीतरी गावांचे पूल आणि मोऱ्या त्यांनी या शब्दांखाली गाडल्या होत्या.

त्या दिवसापासून त्यांचा चहा बिनसाखरेचा झाला. तो साखर वाचवण्यासाठी की आणखी कशासाठी, हे विचारायचं त्यांना धैर्य झालं नाही. प्रमोदिनीबाई फक्त एकदाच म्हणाल्या, "मुलीचा साखरपुडा आहे. व्याह्यांपुढे माझी मान खाली जाईल असं काही करू नका. काय लपवताय ते लपवा, पण साखर आणा."

मग दुसरा इलाज उरला नाही. अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे काहीच घडलेलं नाही, म्हणजे जुनं कार्ड अजून जिवंत आहे, असा हिशेब करून आगटे सांगलीच्या गाडीत चढले. कराड सोडल्यावर दोन्ही बाजूंना पावसात न्हालेला ऊस डुलत होता. नजर पोचेल तिथवर साखर हिरवीगार उभी होती, आणि तिच्या मधून एक सुशिक्षित मनुष्य तिच्यातलीच मूठभर मागायला मूळव्याधीच्या दवाखान्यात निघाला होता.

दवाखाना भरलेला होता. म्हणजे बाकं रिकामी होती आणि माणसं भिंतीला टेकून उभी होती. नवख्या माणसाला वाटावं, राष्ट्रगीत चालू आहे. कंपाउंडर गुंडा टेबलाशी सुया उकळत होता. हा गुंडा जतकडचा. नाव आईबापांनी ठेवलेलं, स्वभावाशी संबंध नाही.

"कार्ड पायजे?" गुंडा म्हणाला. "कोर्स पुरा झाला व्हय?"

"जवळजवळ झाला."

"जवळजवळ सगळ्यांचाच हुतोय."

"आधी कार्ड आहे का ते तरी बघा. आगटे. गोपाळकृष्ण आगटे, सातारा."

"नावानं न्हाई गावायचं, साहेब," गुंडा शांतपणे म्हणाला. "नावं कुनाच्या ध्यानात ऱ्हात्यात? आन् तोंडं म्हनशीला तर हितं मी कुनाची बगतच न्हाई. सुई टोचल्यावर काय वरडला हुता, त्ये सांगा."

"काय?"

गुंडाने मागच्या फळीकडे हात केला. तिथे पत्र्याचे डबे ओळीने मांडले होते आणि प्रत्येकावर खडूने लिहिलं होतं : 'आई', 'देवा', 'मेलो', 'गप'.

"मानूस नाव बदलंल, पत्त्या बदलंल, पर वरडायचं कवा बदलत न्हाई," गुंडा म्हणाला. "बोला. कुठल्या डब्यातलं तुमी?"

भिंतीला टेकलेल्या सगळ्या माना आगट्यांकडे वळल्या. त्यांच्यात साताऱ्याचं कुणीही नव्हतं. खरं बोलून मोकळं व्हायला याहून चांगली जागा आणि वेळ मिळाली नसती. आगट्यांनी छाती पुढे काढली.

"मी ओरडलो नव्हतो."

दवाखान्यात आदराची एक लाट पसरली. गुंडाने मात्र संशयाने 'गप'चा डबा खाली घेतला आणि उघडून पुढे केला. आत साखर होती.

"ह्यो डबा कवा भरतच न्हाई," तो म्हणाला. "म्हनून च्याची साखर ठिवतो त्यात. नीट आठवा, साहेब."

नेमकं त्याच वेळी आतल्या खोलीतून एक आवाज आला. घोगरा, सुसंस्कृत, पण संपूर्ण शरणागतीचा. "अगं आई गं!" थोड्या वेळाने दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून, पावलागणिक पृथ्वीचा अंदाज घेत, शरच्चंद्रराव माईणकर बाहेर आले.

दोघांची नजरानजर झाली.

"अगं आई गं!" आगट्यांच्या तोंडून निघून गेलं.

"गावलं!" गुंडाने टेबलावर थाप मारली. "ह्योच आवाज! आवं, मंग सांगायचं न्हाई व्हय? उगं साखर उघडाया लावली!" आणि त्याने 'आई'च्या डब्यात हात घालून एकाला एक चिकटलेली दोन कार्डं बाहेर काढली. "ह्ये तुमचं, आन् ह्ये या सरांचं. दोगं बी येकाच आईची हायसा."

"आपण इथे कसे?" माईणकरांनी शक्य तेवढ्या ताठ मानेने विचारलं.

"मी... एका ओळखीच्यांना भेटायला. आपण?"

"डॉक्टर माझे विद्यार्थी." मग त्यांचा प्राध्यापकी प्रामाणिकपणा वर आला. "गणितात कच्चे होते. इंजेक्शनं मोजत नाहीत."

मग हळूहळू कळलं ते असं : माईणकरांचं कार्डही इथेच अडकलं होतं. साखरपुड्याचा पुडा मुलाकडून जायचा, पुड्याला साखर हवी, साखरेला कार्ड हवं, आणि कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये आहे असं ते घरी सांगून बसले होते. माणसं सरळ असावीत म्हणणारे माईणकर त्या क्षणी भिंतीला तिरपे टेकले होते.

डॉक्टर सहस्रबुद्धे आपल्या नियमापासून सूतभरही हलले नाहीत. पण मुलामुलीचा साखरपुडा म्हटल्यावर त्यांनी एक सवलत दिली : राहिलेला कोर्स आजच, एकाच सुईत. "जरा मोठी सुई आहे," ते म्हणाले. "आणि आठवडाभर बसायचं नाही." माईणकरांना त्यांनी पुन्हा आत बोलावलं, मग आगट्यांना. गुंडाने बाहेरूनच दोघांचा डबा बरोबर असल्याची खात्री करून घेतली.

दवाखान्याच्या पायरीवर दोघे व्याही पावसाकडे बघत उभे राहिले.

"आपण आज भेटलो नाही," माईणकर म्हणाले.

"कुठे भेटलो?" आगटे म्हणाले.

साताऱ्यापर्यंत आगटे उभ्याने आले. गाडी निम्मी रिकामी होती. कंडक्टर येता-जाता "बसा की, आजोबा" म्हणत होता आणि आगटे खिडकीबाहेर बघत होते. 'आजोबा' हा शब्दसुद्धा त्यांनी गिळला. कारण कार्ड आतल्या खिशात होतं.

दुसऱ्या दिवशी ते प्रमोदिनीबाईंना मुद्दाम बरोबर घेऊन नाथाजीच्या रेशन दुकानात गेले. विजय साक्षीदाराशिवाय गोड लागत नाही. रांगेत पुढे लालासाहेब होते. आगट्यांनी कार्ड असं पुढे केलं, की जणू ते सनद सादर करत होते.

नाथाजीने कार्ड पाहिलं, भिंतीवर टाचलेला कागद पाहिला, आणि पुन्हा कार्ड पाहिलं.

"साहेब, ह्ये तर रद्द झालंय."

"रद्द? कुणी केलं?"

"तुमीच की. हरवल्याचा अर्ज दिला न्हवं?"

"तो अर्ज दप्तरी दाखल झाला!"

"नवं द्यायचा झाला आसंल. रद्द करायला चवकशी लागत न्हाई, साहेब. त्ये लगी हुतंय." नाथाजीने कार्ड उलटं केलं आणि उजेडात धरलं. "पर ह्यो जांभळा शिक्का कसला म्हनायचा? कोर्स पूर्ण... सहस्रबुद्धे... सांगली..." आणि मग, माणूस शाळेत धडा वाचतो तसा, स्वच्छ आणि खणखणीत आवाजात, "मू-ळ-व्या-ध तज्ज्ञ."

आगट्यांनी डोळे मिटले. आता हसू फुटणार याची ते वाट पाहू लागले.

"आवं साहेब!" लालासाहेबांचा आवाज गहिवरला होता. "आदी बोलायचं न्हाई व्हय? मला बी हाय की! चीनच्या लढाईपासनं हाय!"

"सुरण खावा, सुरण," मागून कुणीतरी म्हणालं.

"सुरण कशाला? हिरडा. आमच्या भावजींना हिरड्यानंच..."

"ताक! रोज सकाळी, अनशापोटी. आन् बसताना डावीकडं जरा कलून बसायचं, असं..."

सगळी रांग तेल, धान्य, साखर विसरून मूळव्याधीवर आली. नाथाजीने तागडी खाली ठेवली आणि स्वतःचा अनुभव सांगितला. हसलं कुणीच नाही, आणि आगट्यांच्या जिवाला तेच फार लागलं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी बायको, कचेरी आणि सरकार यांना फसवलं, ती सबंध आळीला होती.

घराच्या दारात प्रमोदिनीबाई थांबल्या. "एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "अहो, ऑडिटचं काम, दगदग होते, तोंडाला चव यावी, म्हणून मी दर खेपेला डब्यात मिरचीचा ठेचा देत होते. आणि तुम्ही तो खात होता?"

"सगळा," आगटे म्हणाले. "टाकला असता तर तुम्ही विचारलं असतं."

प्रमोदिनीबाई आत गेल्या आणि आल्या त्या चहा घेऊन. त्यात घरातली शेवटची साखर होती. "आता माईणकरांना काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. आगट्यांना त्यावर एक उत्तर माहीत होतं, पण ते त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे गिळलं. कार्ड रद्द, नव्याचा अर्ज दप्तरी दाखल, आणि रविवार तोंडावर आलेला. रात्री आगट्यांनी लालासाहेबांच्या उसाचा गांभीर्याने विचार केला.

त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, रेडिओवर बातम्या लागल्या. साखरेवरचं नियंत्रण सरकारने उठवलं होतं. देशातल्या कुठल्याही माणसाला कुठल्याही दुकानात, कार्डाशिवाय, हवी तेवढी साखर मिळणार होती. आणि सकाळी आगटे बाहेर पडले तेव्हा कालपर्यंत सनद तपासणारा नाथाजी उघड्या पोत्याशेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होता, "साहेब, साखर घ्या! किती बी घ्या!" आगट्यांनी खिशातून कार्ड काढून दाखवलं. नाथाजीने ते बघितलंही नाही.

साखरपुडा थाटात झाला. माईणकरांचा पुडा आला, शरयूने तो ओटीत घेतला, श्रीखंड झालं. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र दोन्ही व्याह्यांची नम्रता. माईणकर सांगलीहून उभ्याने आले होते म्हणे, आणि आल्यापासून कितीही आग्रह केला तरी बसले नाहीत. आगटेही बसले नाहीत. पंगतीत दोघांनी वाढायला घेतलं. "काय ती माणसं!" माईणकरांकडची एक आत्या म्हणाली. "आजकाल मुलाचा बाप असा उभा राहतो का?" प्रमोदिनीबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे पाहिलं, आत गेल्या, आणि माईणकरांच्या हातात न मागता ताकाचा पेला आणून दिला. माईणकरांनी मान खाली घालून तो घेतला.

साखर बरीच उरली.